लाईट परत आली तेव्हा

मनोहर,

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या शोकसभेत लोक हसले. विहाराच्या हॉलमध्ये, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर, सगळी माणसं एकदम हसली. सुमनवहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या. त्याला कारण मी होतो. जे बोलून मी त्यांना हसवलं, ते खरं तर सात वर्षांपूर्वी तुला सांगायचं होतं. तू चार शिव्या घातल्या असत्यास, वर चहा पाजला असतास आणि विषय संपला असता.

"पाटला, एक सांग." तुझं बोलणं नेहमी असंच सुरू व्हायचं. तू जॉबर, बंद पडलेले यंत्रमाग चालू करून देणारा कारागीर. मी विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. पहिल्यांदा आलास तो भांडायला. व्होल्टेज कमी येतं, मोटारी जळतात, तुम्ही लोक इथं झोपा काढता. मग भिंतीवरच्या मीटरांचे काटे दिसले आणि भांडण अर्धवट टाकून तू त्यांच्यासमोर उभा राहिलास.

"यातला आमच्या गल्लीचा कुठला?"

"तो तिसरा. जितके माग चालू, तितका काटा वर."

"म्हणजे आम्ही काम करतोय की नाही, हे तुला इथं बसून कळतं?" तू लहान मुलासारखा खूश झालास. "आणि लाईट जाऊन परत आली की?"

मी सांगितलं, की कारागीर एकेक माग चालू करतात, त्यामुळे काटा एकदम चढत नाही, हळूहळू चढतो. तुला ते बघायचंच होतं. तासभर बसलास, पण त्या दिवशी लाईट गेली नाही, म्हणून वैतागून निघून गेलास. तू एकदा म्हणाला होतास, यंत्र बंद का पडलं हे सगळे विचारतात, ते चालतं कसं हे कुणी विचारत नाही. माणसांच्या बाबतीतही तुझं कुतूहल याच जातीचं होतं. दंगल का होते यावर भाषण ठोकणारे आपल्याकडे पुष्कळ होते. एखाद्या गल्लीत ती का होत नाही, हे तू विचारत फिरायचास.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत मी सबस्टेशनवरच अडकलो होतो. रस्ते बंद, फोन बंद. तू खाडीच्या बाजूने, शेतांच्या बांधावरून चालत मानकोलीजवळ माझ्या घरी गेलास आणि दारात उभं राहून सांगितलंस, "तुमचा माणूस जिवंत आहे, भात खातोय, काळजी करू नका." माझी आई ते वाक्य मरेपर्यंत सांगत होती. तुला त्या वाटेवर कुणीही गाठलं असतं. तू गेलास. पुढचं सगळं लिहिताना हे माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत रणगाडे आले, तेव्हा आपण इद्रिसभाईच्या खोलीसमोरच्या खाणावळीत जेवत होतो. इद्रिसभाई उत्तर प्रदेशातला विणकर, तुझ्या देखरेखीखालच्या मागांवर दिवसपाळीला. त्याच्या रेडिओवर बातमी लागली. राष्ट्राध्यक्ष आजारी आहेत, कारभार आता एका समितीने हाती घेतला आहे. तू घास हातातच धरलास.

"आजारी? काय झालंय?"

"अरे, आजारी म्हणजे कोंडून ठेवलाय," मी म्हणालो. "जुन्या कडक लोकांनी गादी बळकावली. संपलं आता. रणगाड्यापुढं कोण बोलणार?"

पुढचे तीन दिवस तू मला सोडलं नाहीस. सकाळी पेपर, दुपारी माझं सबस्टेशन, संध्याकाळी इद्रिसभाईचा रेडिओ. लोक घराबाहेर पडले, संसदेच्या इमारतीभोवती उभे राहिले, रस्त्यात बस आडव्या घातल्या. बायका रणगाड्यावरच्या पोरांना खायला देत होत्या. टीव्हीवर त्या समितीतल्या एकाचे हात थरथरत होते म्हणे. तीन तरुण मेले. आणि तिसऱ्या दिवशी रणगाडे परत गेले.

"पाटला, एक सांग. त्या रणगाड्यातल्या पोराला नेमकं काय वाटलं असेल?"

मी तुला माझ्या परीने शहाणपण शिकवलं. लष्करात फूट होती, समितीवाल्यांना धड हुकूम देता आला नाही, काही तुकड्याच पलीकडे गेल्या. लोक नसते तरी हेच झालं असतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी चीनमध्ये काय झालं? तिथंही चौक भरून लोक होते. तिथं गोळ्या चालल्याच ना?

तू म्हणालास, "तिथलं मला समजत नाही. समजत नाही ते समजत नाही. पण इथं बघ. फुटणारे फुटले म्हणतोस. त्यांना फुटायला वेळ कुणी दिला? रस्ता मोकळा असता तर पहिल्या तासात काम उरकलं असतं. लोक उभे राहिले म्हणून त्या पोराला थांबावं लागलं. थांबला म्हणून तो विचार करायला लागला."

"अंदाज आहे तुझा."

"अंदाजच आहे. तुझाही अंदाजच आहे."

दोन महिन्यांनी तेच आपल्या गल्लीत आलं. आपलं कामगार मंडळ ते किती, दीड खोलीचं ऑफिस आणि एक कपाट. पण चौऱ्याऐंशीनंतर करीमचाचा आणि तुम्ही चार लोकांनी ते उभं केलं होतं. इथले, परगावचे, सगळे एकाच वहीत. वातावरण तापलं की मंडळाचं कार्ड खिशात असलेल्या कामगाराला कुणी हटकत नसे, कारण त्याच्यामागे सगळी गल्ली आहे हे माहीत असे. ते कार्ड म्हणजे परगावच्या माणसाला इथं राहण्याचा आधार होता.

माझ्या मामेभावाने, बाळारामने, एका सकाळी ऑफिसचं कुलूप बदललं. बरोबर चारजण होते आणि काठ्या घेतलेली पोरं. दारावर कागद लावला, की अध्यक्ष करीमचाचा आजारी असल्यामुळे कारभार हंगामी समितीकडे आहे आणि परगावच्या सभासदांची नावं लवकरच कमी केली जातील. चाचांना सर्दी झाली होती. दोन पोरं त्यांच्या उंबरठ्यावर 'सेवेसाठी' बसवली होती, आणि चाचा आतून शिंकत त्यांना शिव्या देत होते.

तू तो कागद वाचून थेट माझ्याकडे आलास. रागावला नव्हतास, तुझे डोळे चमकत होते. "आजारी! पाटला, तोच शब्द! ह्यांना कुणी शिकवलं रे? का ही अक्कल सगळ्यांना आपोआप येते?"

मग खुर्ची ओढून बसलास आणि सांगितलंस, की बुधवारी तीन वाजता ऑफिससमोर उभं राहायचं. हाणामारी नाही, घोषणा नाहीत. तू शेडमधून शेडमध्ये फिरून निरोप देणार होतास. खटखटीत शब्द ऐकू येत नाहीत, मागवाले हातांनीच बोलतात. तुझी खूण ठरली होती. तीन बोटं, मग हवेत किल्ली फिरवायची.

"तू ये," म्हणालास. "बाळारामचा भाऊ आमच्यात उभा दिसला की अर्धं काम होईल."

मी म्हणालो, ड्युटी आहे. तू म्हणालास, बदलून घे. मी म्हणालो, बघतो.

ड्युटी बदलून मिळाली असती. खरी गोष्ट ही, की बाळाराम आदल्याच दिवशी माझ्या घरी येऊन गेला होता. आईसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आत्या, ह्याला सांग, मदी पडू नको म्हनावं. आपला मानूस हाय, आपल्यातच र्‍हा. नायतर सनासुदीला आमच्या दारात येयाचं न्हाय." आईने त्याला चहा दिला. मी त्याला दारापर्यंत सोडून आलो. मला बाळारामची भीती नव्हती. मला माझ्याच गावातून उठवला जाण्याची भीती होती.

बुधवारी तीन वाजता मी पॅनेलसमोर होतो. तिसरा काटा जिथल्या तिथं. एकही माग थांबला नव्हता. मी ऑफिससमोरच्या पीसीओवाल्याला फोन लावला.

"किती लोक आहेत हो?"

"कुठले लोक? दहा-अकरा असतील. मनोहर जॉबर उभा आहे. आणि समोर बाळारामची पोरं, पंचवीसेक. काठ्या घेऊन. साहेब, लक्षण बरं नाही."

मागवाल्याला विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी. चालता माग सोडून कोण येणार, आणि का? मला तुझं डोकं फुटलेलं दिसायला लागलं. तिथं जायला सायकलवर दहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. मी हात पुढे केला आणि गल्लीला वीज नेणाऱ्या फीडरचा ब्रेकर पाडला.

काटा शून्यावर आला. लाईट गेली की काय होतं, हे तुला मी काय सांगणार. सगळी गल्ली एका क्षणात गप्प होते आणि माणसं केसांतली रुई झटकत, लुंगी सावरत बाहेर येतात. मी तुझ्यासाठी गर्दी पाठवली. लॉगबुकात लिहिलं, 'आपोआप ट्रिप'. इतक्या वर्षांच्या नोकरीत लिहिलेली ती एकमेव खोटी नोंद.

वीस-पंचवीस मिनिटांनी वरिष्ठांचा फोन आला, ब्रेकर परत टाकून लाईट चालू करून बघ. टाकला. तो टिकला, पण काटा तळालाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चढेना. मी धरून चाललो, की पुढे ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज उडाले असणार आणि गल्लीत अजून लाईट नाही. लाइनमनला विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण विचारलं असतं तर ट्रिपचीही चौकशी झाली असती. चार वाजता माझी पाळी संपली. मी सायकल काढली आणि घरी गेलो.

संध्याकाळी निरोप आला. बाळारामच्या पोरांनी काठ्या ठेवल्या. त्यातल्या एकाचा पाळीचा जोडीदार गर्दीत होता. तेच माग, एक दिवसा चालवतो, दुसरा रात्री. जोडीदाराने फक्त त्याच्याकडे बघितलं म्हणे. मग एकेक पोरगा बाजूला झाला. बाळारामने किल्ली दिली. करीमचाचा शिंकत येऊन खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा तुझा आवाज बसला होता. "बघितलंस? पाटला, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं, हे तू बोलून दाखवलं नाहीस. तू तपशील सांगत होतास आणि मी मनात म्हणत होतो, लोक नव्हते रे ते. लाईट गेली होती.

त्यानंतर सात वर्षं मी तुझ्याशी वाद घातला तो या एका गोष्टीच्या आडून. ब्याण्णवच्या हिवाळ्यात सगळीकडे पेटलं तेव्हा आपली गल्ली शांत राहिली. तू म्हणालास, त्या बुधवारमुळे. मी म्हणालो, नशिबामुळे. "तुझे लोक म्हणजे काय, लाईट गेली की येतात बाहेर," असं मी किती वेळा म्हणालो असेन. तू हसायचास. एकदाच, गेल्या उन्हाळ्यात, खाटेवर बसून तू विचारलंस, "पाटला, एक सांग. तू हे लाईटचं नेहमी का म्हणतोस?" तुझा श्वास आधीच पुरत नव्हता. वहिनी औषध घेऊन आत आल्या. मी म्हणालो, "असंच. गंमत." तू माझ्याकडे बघत राहिलास. तुला काय माहीत होतं, काय नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

शोकसभेत लोक त्याच बुधवारबद्दल बोलत होते. एकामागून एक. लोकांची ताकद, मनोहरभाऊंचा विश्वास. बाळारामही आला होता. आता त्याची मानकोलीला गोदामं आहेत, पोट सुटलंय, पण आला होता आणि मागे मान खाली घालून बसला होता. माझ्याने ते ऐकवेना. कुणी बोलावलं नसताना मी उठलो आणि माईकवर सगळं सांगून टाकलं. फोन, ब्रेकर, खोटी नोंद, सायकलवर दहा मिनिटं लांब असून न येणं. सगळं.

मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. कारण बाळारामने मान वर केली.

"मंजे," तो उठून म्हणाला, "लोक आलेच नवते. मी तवाच बोल्लो व्हतो. लाईट गेली म्हनून आले. मना लोकांनी न्हाय हरवला, या माज्या आत्याच्या पोरानं हरवला."

तो खिजवत नव्हता, मनोहर. त्याचा चेहरा खरंच सुटका झाल्यासारखा दिसत होता. सात वर्षं तोही काहीतरी वागवत आला होता. आणि मी, स्वतःचं ओझं उतरवायच्या घाईत, तुझ्या फोटोसमोर तुझी एकुलती एक जिंकलेली गोष्ट त्याच्या हातात दिली होती. मी वहिनींकडे बघू शकलो नाही.

तेव्हा इद्रिसभाई उठला. गुडघे धरून, सावकाश.

"बाळारामसेठ, बैठो. पाटीलसाहब, आप भी. लाइट आपने काटी, अच्छा किया. हम भी सोचते थे कि बुधवार को कैसे गई, बिजली की छुट्टी तो शुक्रवार को होती है." इथेच लोक पहिल्यांदा खुदखुदले. "मगर साहब, लाइट आ गई थी."

"कधी?" मी विचारलं.

"बीस-पच्चीस मिनट में. गली के सारे बल्ब जले, पंखे घूमे. मनोहरभाई ने तो खुद हाथ से इशारा किया, जाओ, जाओ, लाइट आ गई, अपना काम देखो."

"मग?"

"मग काय? कोई नहीं गया."

मी तिथंच उभा. काटा तळाला होता. फ्यूज उडाले नव्हते. मी त्या काट्याकडे दहा मिनिटं टक लावून बघत होतो, आणि तो मला नेमकं तेच सांगत होता जे सांगण्याचं त्याचं काम होतं. की मागांना वीज आहे आणि कुणी माग चालवत नाहीये. एवढी वर्षं ते काटे वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचता आलं नाही, कारण लोक असं करतील हे मला खरंच वाटलं नव्हतं.

"मी हेच तर तिथं बसून बघत होतो!" माझ्या तोंडून निघालं. "आणि मला वाटलं फ्यूज उडाला!"

तेव्हा सगळे हसले. इद्रिसभाईही हसला. बाळाराम खाली बसला. थोड्या वेळाने, अर्धवट स्वतःशीच, म्हणाला, "व्हय. बल्ब लागले व्हते. मना आठवतं." बस, एवढंच. पण ते त्याने कबूल केलं, हे तुला सांगायला हवं.

म्हणजे वादात तू जिंकलास. पण तू आणखी एक प्रश्न विचारला असतास, हे मला माहीत आहे, म्हणून तो मी विचारत फिरतोय. लाईट आली तेव्हा पहिला कोण थांबला? शंभर माणसं माग सोडून आली होती, तीही माझ्यामुळे, फक्त हवा खायला. बल्ब लागल्यावर पहिल्या मिनिटात काहीतरी झालं असणार. तिथंच गर्दीचं दुसरं काहीतरी झालं. ते कसं झालं?

शोकसभेपासून रोज ड्युटी संपली की मी गल्लीत जातो. इद्रिसभाई म्हणाला, "मैं तो जा ही रहा था, मगर बगलवाला रामआसरे हिला नहीं." रामआसरे आता दापोड्याला गोदामात आहे. तिथं गेलो. तो म्हणतो, त्याने तर पाय उचलला होता, पण खाणावळीत भाकऱ्या करायची ती मावशी डाव्या हाताला उभी होती, ती हलली नाही. मावशी म्हणाली, "अरे, मला कुठं माग चालवायचा होता? पण चूल सोडून आले होते. म्हटलं जावं. तर शेजारी तो फिटर उभाच." फिटर म्हणाला, त्याच्या पलीकडचा. असं चाललंय. पहिला कुणीच नाही. प्रत्येकजण सांगतो, शेजारचा थांबला म्हणून मी थांबलो. त्या रणगाड्यातल्या पोराला विचारलं असतं तर त्यानेही शेजारच्या रणगाड्याकडे बोट दाखवलं असतं का रे? चीनमध्ये त्या क्षणी कुणी कुणाकडे बघितलं नसेल का? मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, पण तू निदान हे मान्य करायचास.

आतापर्यंत नऊ जणांना विचारून झालं. प्रत्येकाला आपल्या उजव्या-डाव्या बाजूला कोण होतं ते पक्कं आठवतं, नावानिशी, कपड्यांनिशी. अजून पुष्कळ बाकी आहेत, मी सगळ्यांकडे जाणार आहे. पण मनोहर, त्यातल्या एकाच्याही शेजारी मी नाही.